शामूची काच

बेळगुंदीच्या मालुबाईला कुणी फसवलं असं त्या पंचक्रोशीत कधी ऐकिवात नव्हतं. फसवायला आधी जवळ जावं लागतं, आणि ती जवळ येऊ देईल तर ना! शनिवारच्या बाजाराला रताळी घेऊन बेळगावात बसली, की गिऱ्हाईक तिच्या तागडीकडं बघायच्या आत ती गिऱ्हाइकाच्या पिशवीत डोकावून घ्यायची. घाण्यावरचं तेल आणलं की आधी थेंबभर दिव्यात जाळून वास घ्यायची. कुणी पाव्हणा दारात आला, तर गूळपाणी देण्याआधी मागच्या दाराला कडी घालून यायची. का, तर एक पुढच्या दारात बोलत बसतो आणि दुसरा मागच्या दारानं आत शिरतो, असं तिचं म्हणणं. गाव तिला माघारी 'मालू फौजदार' म्हणायचं. तोंडावर म्हणायची छाती कुणाची नव्हती. पण कोण कोण म्हणतं ते तिला नावानिशी ठाऊक होतं.

बाई वाईट नव्हती हो. नवरा लवकर गेला तेव्हा पोरगं मांडीवर होतं, आणि वर्षाच्या आत भाऊबंदांनी तिच्या शेताचा बांध इकडचा तिकडं केला. तेव्हा जे डोळे उघडले ते पुन्हा मिटलेच नाहीत. एका शामूवर, आपल्या पोरावर, तेवढा तिचा विश्वास. आणि गंमत बघा, त्या शामूनंच तिला थाप मारली. "बेळगावात लाकडाच्या वखारीत कामाला लागलोय" म्हणून घरातनं गेला आणि पलटणीत भरती होऊन आला. लढाई पेटलेली होती. मालुबाईनं दोन दिवस चूल पेटवली नाही. तिसऱ्या दिवशी उठली, पोराचा हात धरला आणि म्हणाली, "चल शहापुरात. जायच्या आधी तुझा फोटू काढून ठेवतो."

शहापुरात विणकरांच्या गल्लीत सिद्राम फोटोवाला राहायचा. बापजाद्यांचा माग अजून घरात होता, त्यावर त्याची बायको बायाक्का लुगडी विणायची, आणि सिद्राम मागच्या पत्र्याच्या खोलीत लोकांचे फोटो काढायचा. छपराला काचेची खिडकी, भिंतीला राजवाड्याच्या पायऱ्या रंगवलेला पडदा, आणि मधोमध तीन पायांवर पेटी. पेटीमागं काळं फडकं. सिद्राम त्या फडक्यात डोकं घालायला लागला तसा मालुबाईचा आवाज चढला.

"आत काय करतोस रं? भाईर ये बघू. मी बघतो आधी."

सिद्राम बाजूला झाला. काय करणार? मालुबाईनं फडक्यात डोकं घातलं आणि किंचाळलीच. "माझं पोर उलटं टांगलंस व्हय रं मुडद्या!"

पेटीतल्या काचेवर चित्र उलटंच दिसतं, सगळ्यांचंच तसं दिसतं, हे समजावताना सिद्रामच्या तोंडाला फेस आला. शामू राजवाड्याच्या पायऱ्यांपुढं उभा राहून खदाखदा हसत होता. हसता हसता गप्प झाला, आणि तेवढ्यात सिद्रामनं पेटीचं झाकण काढून लावलं. म्हणून त्या फोटोत शामूच्या तोंडाच्या एका कोपऱ्यात हसू राहून गेलं होतं.

शामू मिसरकडच्या, इजिप्तच्या वाळवंटात गेला तो गेलाच. दिवाळी होऊन गेल्यावर तार आली. इंग्रजी तार, वाचून दाखवली पोस्टमास्तरनं. मालुबाईनं त्याला विचारलं, "कुणी बघिटलं?" त्यानं तार घडी करून तिच्या हातात ठेवली. गावानं सांत्वन केलं, दिरानं दहावं-बारावं उरकलं, पण शामू गेलाच नसेल हा मालुबाईच्या मनातला संशय काही हलला नाही. तो खरा नाही हे तिलाही आतून कळत होतं, म्हणून तर ती त्याच्याबद्दल कुणाशी बोलत नसे. तिनं फोटो देव्हाऱ्यात ठेवला, आणि रोज पूजा झाली की कुंकवाचं ओलं बोट शामूच्या कपाळाला लावायची. रोज. पावसाळा लागेस्तोवर कपाळ गेलं, मग डोळे गेले. भाद्रपदात त्या कागदावर मान, पलटणीचा सदरा आणि वर एक तांबडा रगडा, एवढंच उरलं.

ती तशीच फोटो घेऊन शहापूरला गेली. "कच्चा कागद दिलास मला!"

सिद्रामनं फोटो उजेडात धरून बघितला. "आक्का, कागद चांगला हाय. ओल्या कुंकवानं गेलंय त्ये. रोज पानी लागलं तर—"

"देवाच्या कुंकवाला नावं ठेवतोस?"

अहो, मग जे काय झालं! गल्लीतले माग थांबले, बाया दारात आल्या. मालुबाईनं सिद्रामच्या सात पिढ्या उभ्या केल्या आणि एकेकीची हजेरी घेतली. त्या दिवशी सिद्रामनं मनाशी काय ठरवलं असेल ते सांगायला नको: ह्या बाईला खरं सांगायला जायचं नाही. शेवटी हात जोडून म्हणाला, "काच हाय माझ्याकडं. ज्या काचेवर पयला फोटू उमटला ती. तिच्यावरनं दुसरा काढून देतो. फकस्त कागद येऊ द्या. लढाईमुळं कागद मिळंना झालाय."

आता कागद मिळत नव्हता हे खरं होतं. पण मालुबाईला ते खरं कसं वाटावं? कारण सिद्रामबद्दल तिच्या मनात आधीच एक वेगळं काहूर होतं.

त्याचं असं झालं. कँपातल्या एका गोऱ्या डॉक्टराला आभाळ बघायचा नाद होता. लढाईवर जाताना त्यानं आपल्या दुर्बिणीचा आरसा सिद्रामला देऊन टाकला. चांगला पितळी परातीएवढा आरसा. सिद्रामनं त्याला पत्र्याची नळी केली, खाली मागाचं जुनं दातेरी चाक बसवलं, आणि शहराच्या उजेडापासून लांब जागा शोधत शोधत पोचला कुठं, तर बेळगुंदीच्या माळावर, मालुबाईच्या शेताच्या डोक्यावर! जागा दिली तिच्या दिरानं, भावकूनं. आणि यायचा कधी, तर अंधाऱ्या रात्री बघून, नेमका अमावास्येच्या आगेमागे. काळं फडकं, तांबड्या काचेचा कंदील, आकाशाला लावलेली नळी. गाव काय म्हणणार? कुणी म्हणालं करणी करतोय. कुणी म्हणालं जर्मनाला खुणा करतोय. भावकूचं मत ठाम होतं: गुप्तधन! "नळी वर करायची आनि जमिनीतलं बघायचं, ह्योच तर डाव हाय," तो मालुबाईला कानात सांगायचा. सिद्राम सायकलवर टांग टाकून गेला, की सकाळी भावकू कुदळ घेऊन नळीच्या पायाखालची जागा उकरायचा. माळावर उंदराची बिळं असावीत तसे खड्डे झाले होते.

मालुबाईनं एकदा जाऊन सरळ विचारलं, "काय बघतोस?"

सिद्रामनं तिला नळीला डोळा लावायला सांगितलं. आत एक धुरकट डाग दिसला, लांबट, मध्ये जरा उजळ.

"देवयानी नावाचं नक्षत्र हाय, त्यातला ह्यो," सिद्राम सांगू लागला. बोलताना त्याचा आवाज पोरासारखा झाला होता. "ढग न्हाय त्यो. तारेच हायती सगळे, मोजता येनार न्हाईत इतके, आनि भोवऱ्यासारखे वळलेले. डोळ्याला त्यो वळ दिसत न्हाय. पर काच लावून तासन्‌तास उजेड साठवला, तर काचेवर उमटतो म्हंत्यात. मला त्यो फोटू काढायचाय. लई लांब हाय, आक्का. आत्ता जो उजेड आपल्या डोळ्यात आला, त्यो मानूस जन्माला यायच्या आधी तिथनं निघालाय."

मालुबाईनं डोळा काढला. "मग त्यो आत्ता तिथं हाय का न्हाय, कुणी बघिटलंय?"

सिद्रामनं पुन्हा एकदा नळीला डोळा लावून बघितलं. असा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता.

दसऱ्यानंतरच्या एका बाजाराच्या दिवशी ती फोटोचं विचारायला म्हणून शहापूरला गेली, आणि परसात तिला दिसल्या काचा. स्वच्छ, आरपार दिसणाऱ्या काचा, भिंतीला ओळीनं टेकवून उन्हात वाळत घातलेल्या.

"ह्या कसल्या गं?" तिनं मागावर बसलेल्या बायाक्काला विचारलं.

"जुन्या फोटूंच्या. नव्या काचा यीनात, म्हनून धुऊन परत मसाला लावत्यात," बायाक्का सहज बोलून गेली.

मालुबाईनं एक काच उचलून उन्हात धरली. म्हणजे कुणाची तरी तोंडं धुऊन टाकली होती! "कशानं धुता?"

बायाक्का दाराकडं बघायला लागली. सिद्राम बाहेर आला आणि घाईघाईनं म्हणाला, "औषध हाय एक. लई जहाल. मानसानं हात लावू न्हाय असं."

कसलं औषध घेऊन बसलात! कढत पाणी आणि धुण्याचा सोडा, एवढंच होतं ते. काचेवरचा मसाला दुधावरच्या सायीसारखा असतो, ऊन पाण्यानं सुटतो आणि निघून येतो. पण बेळगावातले बाकीचे फोटोवाले काचेविना हात चोळत बसले होते, आणि ही युक्ती बाहेर फुटली तर आपला धंदा बुडेल अशी सिद्रामला धास्ती. आपल्या सावलीलाही तो सांगत नव्हता. संशयाच्या बाबतीत तोही काही मालुबाईला हार जाणारा नव्हता.

मालुबाई घरी आली, पण जीव काचेत अडकला. रात्री डोळा लागेना. डोळा लागला की तेच दिसायचं: भिंतीला टेकवलेली, वाळत घातलेली शामूची काच, आरपार. धनत्रयोदशीच्या दिवशी ती उठली आणि कुणाला न सांगता शहापूरची वाट धरली. दार वाजवलं नाही, थेट मागल्या खोलीत घुसली.

कोपऱ्यात पाण्याचं घमेलं होतं. घमेल्याशेजारी पाटावर एक मोठी काच ठेवली होती. सिद्राम अस्तन्या वर सारून उभा होता.

"ती कुणाची?"

"आक्का, ऐका—"

"कुणाची काच हाय ती?"

"शामूची," सिद्राम म्हणाला. "तुमी मागताय म्हनून फळीवरनं काढलीया. दुसरं काय न्हाय."

खरं काय ते त्याचं त्याला माहीत. एवढी मोठी, बुडबुडा नसलेली, बेल्जमची काच त्याच्याकडं ती एकच उरली होती. त्याच्या नळीत तीच बसत होती. आणि अमावास्या परवावर आली होती. मालुबाईला यातलं निम्मं ठाऊक होतं, उरलेलं तिनं नाकानं ओळखलं.

"दाव इकडं."

तिनं काच उजेडाकडं धरली. काळंकुट्ट तोंड, पांढरे केस, डोळ्यांच्या जागी पांढरी भोकं. "ह्यो माझा शामू न्हाय! भूत हाय ह्ये!"

"काचेवर असंच उमटतं, आक्का. काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं." सिद्रामनं पेटीवरचं काळं फडकं घेतलं, काचेमागं धरलं आणि काच जराशी कलती केली. "आता बघा."

आणि शामू आला. काळ्या फडक्यावर कपाळ उजळलं, नाक आलं, डोळे आले. तोंडाच्या कोपऱ्यातलं ते राहून गेलेलं हसू आलं. मालुबाईनं पदर तोंडात कोंबला. बायाक्का दारात उभी राहून रडत होती.

पदर सोडून मालुबाई म्हणाली, "मी न्हेतो ह्येला घरी. तुझ्याकडं ठेवत न्हाय. कागद आला की मीच घिऊन यीन."

सिद्रामनं एकदाच घमेल्याकडं बघितलं, मग काच फडक्यात गुंडाळून तिच्या हातात दिली. ती उंबऱ्यापर्यंत गेली तसा तो मागून म्हणाला, "आक्का, तेवढं ऊन—"

"काय?" ती गर्रकन वळली. डोळे असे, की जाळून टाकतील.

सिद्रामच्या डोळ्यांपुढं कुंकवाचा तमाशा उभा राहिला. आणि ऊन पाण्याचं नाव काढलं तर जहाल औषधाचं बिंगही फुटणार होतं. "काय न्हाय. जपून न्हेवा."

दुखवट्याचं वर्ष, त्यामुळं मालुबाईच्या घरात सण नव्हता. फराळ नाही, दारात रांगोळी नाही. पण चतुर्दशीच्या पहाटे तिनं न्हाणीतल्या चुलीवर हंडा चढवला. गावात सगळीकडं पोरांना उठवत होते, तेलाचा वास सुटला होता. सण नाही धरायचा, कबूल. पण पोरगं इतक्या लांबनं घरी आलंय, आणि दिवाळीच्या पहाटे आई त्याला न्हाऊ घालणार नाही? कुठल्या शास्त्रात बसतं हे?

तिनं पाट मांडला. पाटावर काच ठेवली. बोटाला खोबरेल घेऊन हलक्या हातानं लावलं, जसं तान्हेपणी टाळूला लावायची. मग उटणं. मग हंड्यातल्या कढत पाण्यात विसण घालून तिनं कोपर बुडवून बघितलं. पोराला सोसवेल इतकं ऊन.

पहिला तांब्या ओतला. उटणं चोळताना बोटाखाली काहीतरी सरकल्यासारखं वाटलं. तेल असेल म्हणून तिनं दुसरा तांब्या ओतला. तिसरा ओतला आणि दिवा जवळ घेतला. काचेवरनं करडी साय सुटून पाटाच्या कडेनं खाली चालली होती. तिनं हातानं अडवायला बघितलं, तर ती बोटांतनं निसटली आणि मोरीतनं परसातल्या अळवाच्या वाफ्यात गेली. मालुबाईनं काळी घोंगडी ओढून काचेमागं धरली. कलती केली, पुन्हा कलती केली. काचेत तिला तिचंच तोंड दिसलं.

दुसऱ्या कुणी हंबरडा फोडला असता. मालुबाईच्या मनात पहिली गोष्ट आली ती एकच: फसवलं! काच बदलली. नाहीतर कसलं तरी कच्चं काम करून माझ्या हातात दिलं.

उजाडताना ती वाटेला लागली होती. पिरनवाडी मागं पडली, लोक तिच्याकडं बघत होते, तिला कुणी दिसत नव्हतं. शहापुरात सिद्राम अंगाला तेल लावून परसात बसला होता, बायाक्का पाणी काढत होती. मालुबाईनं पदरातनं काच काढून त्याच्यापुढं धरली.

सिद्रामनं काच बघितली. कोपऱ्यात उटण्याची पिवळी रेघ राहिली होती. ती त्यानं बघितली, बायाक्कानंही बघितली. दोघांना सगळं समजलं. बायाक्का काहीतरी बोलणार होती, त्यानं हातानं तिला थांबवलं.

"माझी चूक झाली, आक्का," तो म्हणाला. "माझं औषध कच्चं राहिलतं. म्हनून गेला."

खाडकन आवाज झाला. मालुबाईचा हात तेलानं माखला आणि सिद्रामच्या गालावर पाच बोटं उठली. तो तसाच बसून राहिला. मग मात्र ती मटकन खाली बसली आणि इतक्या महिन्यांत रडली नव्हती ते सगळं रडली. तार आली तेव्हा न रडलेलं, दहाव्याला न रडलेलं. शेजारच्या चार घरांत फटाके वाजायचे थांबले.

डोळे पुसून ती म्हणाली, "तुला हीच काच पायजे हुती न्हवं? घे. घाल तुझ्या नळीत. ज्याच्यापायी माझं पोर पुसलंस त्यो डाग तरी बघू दे मला. पर मी बसनार समोर. मसाला लावताना, नळीत घालताना, समदं माझ्या डोळ्यापुढं. काच बदललीस तर याद राख."

सिद्राम नको म्हणत होता. पण तिच्यापुढं कुणाचं काय चाललंय!

त्या रात्री तो अंधाऱ्या खोलीत काचेला मसाला लावत होता आणि ती दाराला पाठ लावून बसली होती. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजनाची अमावास्या. बैलगाडीतून येताना काच तिच्या मांडीवर, पेटीत बंद. बेळगुंदीच्या माळावर दिवेलागण झाली, गावातल्या पणत्या एकेक करून विझल्या. रॉकेलच नव्हतं, तेल तरी किती जाळणार! भावकू कुदळ घेऊन बसलाच होता. सिद्रामनं काच नळीत सरकवली, बाजूच्या छोट्या नळीला डोळा लावला आणि चाकावर हात ठेवला. आभाळ सरकतं, त्याच्याबरोबर नळी सरकवावी लागते, चाकाच्या एकेका दातानं. नाहीतर सगळं फरफटलेलं उमटतं. बोलायचं नाही, हलायचं नाही.

मालुबाई त्याच्या हातांकडं बघत बसली. काच बदलायला हात गेला की धरायचा, म्हणून. जेवणवेळ टळली. भावकू कुदळीवर मान टेकून घोरायला लागला. दव पडून सिद्रामचं पागोटं भिजलं, डोळ्यांतनं पाणी वाहत होतं, पण त्यानं डोळा काढला नाही की गालाला हात लावला नाही. एका गालावर अजून सूज होती. मालुबाईला ती कंदिलाच्या तांबड्या उजेडात दिसत होती. असा माणूस थापाड्या कसा असेल, असं तिच्या मनात आलं, आणि तिनं तो विचार झटकून टाकला.

पाडव्याच्या दिवशी शहापुरात, तांबड्या कंदिलाच्या उजेडात, सिद्रामनं काच ताटलीतल्या, फोटो उमटवायच्या पाण्यात सोडली. मालुबाई शेजारी उभी. बराच वेळ काही नव्हतं. मग काळे ठिपके आले, आणि मधोमध एक काळसर डाग धरू लागला. डागाला कडेनं वळ होता. एका बाजूनं निघून दुसरीकडं गेलेला, ताक घुसळताना मडक्यात दिसतो तसा, अगदी पुसट पण होता. सिद्राम ताटलीवर ओणवा झाला.

मग त्यानं काच धुवायला घेतली. त्यासाठी ओल्या फडक्यात गुंडाळलेला माठ होता. त्यानं आधी पाण्यात बोट घालून बघितलं, आणखी थोडं गार पाणी घातलं, पुन्हा बोट घातलं, आणि मगच ओतलं.

मालुबाई बघत होती. "थंडीच्या दिसात इतकं गार पानी कशाला रं?"

नेहमीसारखं विचारलं नव्हतं तिनं. धरायला म्हणून नाही, नुसतं विचारलं होतं. सिद्राम "रीत हाय" म्हणणार होता. पण त्याला ते जमलं नाही.

"ऊन पानी लागलं तर मसाला सुटतो, आक्का."

मालुबाईनं आपले दोन्ही हात बघितले. मग हळूच म्हणाली, "म्हंजे तुझं औषध..."

"ऊन पानी आनि सोडा. दुसरं काय न्हाय."

"म्हंजे मीच."

"न्हाय आक्का! मी सांगाय पायजे हुतं. उंबऱ्यात तोंडाशी आलतं माझ्या. मी सांगाय पायजे हुतं."

"व्हय," मालुबाई म्हणाली. "तू सांगाय पायजे हुतंस." तिनं हात पुढं केला आणि त्याच्या सुजलेल्या गालाला लावला, जरासा. "आनि तू सांगिटलं असतंस, तरी मी तुझं ऐकलं नसतं."

ती काच सिद्रामनं ठेवून घेतली नाही. इतके दिवस ज्याच्यामागं लागला होता तो वळ त्या एकाच काचेवर उमटला होता, पण त्यानं तिच्यावरनं एक कागद काढला आणि काच मालुबाईला दिली. ती तिनं देव्हाऱ्यात ठेवली, मागं काळं फडकं लावून. मालुबाई पुढंही बाजारात गिऱ्हाइकाच्या पिशवीत डोकवायची, तेलाचा वास घ्यायची, मागच्या दाराला कडी घालायची. ते काही सुटलं नाही. पण दर दिवाळीला, चतुर्दशीच्या पहाटे, न्हाणीतल्या चुलीत जाळ घालायच्या आधी ती उठायची, काच कोरड्या फडक्यात गुंडाळायची आणि शेजारी भावकूच्या घरात नेऊन ठेवायची. भावकूची नातवंडं विचारायची, "आज्जे, ह्येला आमच्यात का आनलंस?"

"तिकडं पानी तापतंय," ती म्हणायची.